प्लॅस्टिकचा दस्ता

मर्ना हॅल्व्हर्सनचं घर ऑगस्टमध्ये जळालं, आणि बंब पोचला तेव्हा तिथे विझवण्यासारखं काही उरलं नव्हतं. ही गोष्ट विल्सी क्रीक गावच्या बंबवाल्यांना फार लागून राहिली. खरं तर त्यात त्यांची चूक नव्हती. रस्ता कच्चा, वारा सुटलेला, आणि घर वाळलेल्या पाइनच्या ओंडक्यांचं. शिवाय मर्ना स्वतः खालच्या कुरणात गवताचे भारे बांधत होती. धूर तिलाच उशिरा दिसला. पण गावातलेच लोक आपापली कामं सोडून बंबावर चढतात, त्यांना असं रिकाम्या हातांनी परतणं जड जातं.

घर गेलं, फ्रीझरभर मांस गेलं, नवऱ्याचे फोटो गेले. मर्नाने तोंडातून शब्द काढला तो फक्त रायफलीबद्दल. शाळा संपली त्या वर्षी बापाने ती तिच्यासाठी मागवली होती. मर्ना डावखुरी, म्हणून काडतूस आत-बाहेर करायचा बोल्ट डाव्या बाजूला असलेली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, काळ्यानिळ्या पोलादाची नळी. राखेत नळी सापडली, वाकलेली.

"इन्शुरन्सवाला घर देईल," ती लाइल प्रुइटला म्हणाली होती, "पण ती कोण देणार?"

लाइल हा बंबवाल्यांचा प्रमुख, तिचा शेजारी, आणि नवरा गेल्यापासून शिकारीतला जोडीदार. ते वाक्य त्याने मनात ठेवलं, आणि तिथूनच सगळा घोळ सुरू झाला.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला बंबखान्यात जेवण होतं. राजमा-मांसाची चिली, मक्याचा ब्रेड, एल्क या मोठ्या हरणाच्या मांसाचे सॉसेज आणि बर्नडीन कोलचे रानबेरींचे केक. जेवणं उरकली तसा लाइल उठला आणि एक लांबट खोका आणून त्याने मर्नासमोर ठेवला.

"उघड की. बॉम्ब नाहीये आत."

खोका उघडताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. आत रायफल होती. राखाडी प्लॅस्टिकचा दस्ता, आणि त्याच्या कडेने बादलीला असते तशी साच्याची शिवण. मर्नाने ती उचलली. पुढचा भाग हलका, मागचा पोकळ. नखाने टिचकी मारली तर रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. बोल्ट होता डावीकडेच, पण वर उचलायला अडकलेल्या नळासारखा जोर लागला, आणि मागे ओढल्यावर तो सैल कडीसारखा खुळखुळला. खालचा काडतुसांचा डबाही प्लॅस्टिकचा, आणि त्याची खिटीसुद्धा प्लॅस्टिकची.

"डावखुऱ्यांसाठी एवढी एकच मिळते आता," लाइल म्हणाला. "ओरिनने दुकानातून सगळीकडे फोन केले. बाकीच्या कंपन्यांनी बनवणंच बंद केलंय."

"आवडली ना?" बर्नडीनने तिला मिठीच मारली. पैसे जमवायला तिने कित्येक शनिवार केक भाजले होते.

"तुम्ही सगळ्यांनी माझ्यासाठी एवढं केलंत," मर्ना म्हणाली. ते ती मनापासून म्हणाली. रायफल आवडली असं मात्र ती म्हणाली नाही, आणि ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती ओरिन टेटच्या दुकानात गेली. ओरिन तिच्याच वयाचा, गावातला एकमेव बंदूकवाला. पूर्वी त्याच्या भिंतीकडे बघत तासभर उभं राहावं, इतके प्रकार असायचे. डोंगरातल्यांसाठी आखूड नळीच्या, मैदानातल्यांसाठी लांब, बारीक बांध्याच्या, जाड बांध्याच्या. लाकडाची रेघ बघून माणूस ठरवायचा. आता भिंतीवर एकच काळी रायफल वीस वेळा टांगल्यासारखी दिसत होती. काही काळ्या, काही राखाडी, काहींवर पानाफुलांची नक्षी छापलेली. एक तर गुलाबी.

"ही कोणासाठी?" मर्नाने विचारलं.

"बायकांसाठी. कंपनी म्हणते."

"बायकांना काय, गुलाबी असली की एल्क आपणहून खाली बसतो?"

"माझ्यावर कशाला चिडतेस? मी विकतो फक्त. बघत नाही."

"लाकडाची एखादी?"

त्याने आतून एक आणली. लाकूड खरं होतं, पण वरचं पॉलिश हॉटेलातल्या टेबलासारखं चकचकीत, हाताची पकड बसावी म्हणून कोरलेल्या रेषा यंत्राने खरवडल्यासारख्या, आणि दस्ता नि नळी यांच्यामध्ये एका बाजूला नाणं जाईल एवढी फट, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. किंमत जुन्या पिकअप ट्रकइतकी. आणि उजव्या हाताची.

"एवढे पैसे घेऊन हे काम?" मर्नाने ती काउंटरवर परत ठेवली. "बापाच्या काळात असं काही कारखान्यातून बाहेर पडलं असतं तर फोरमनने तोंड लपवलं असतं."

"फोरमनच नाहीये आता," ओरिन म्हणाला. "आणि पंचवीस मिनिटं उभं राहून दस्ता निरखणारं गिऱ्हाईक तरी कुठे राहिलंय? लोक येतात, विचारतात, नेम बरोबर लागतो का? लागतो. स्वस्त आहे का? आहे. घेऊन जातात. तू तुझी खडीच्या खाणीत चालवून बघ आधी, मग शिव्या दे."

तिने तसंच केलं. वाळूच्या पिशवीवर टेकवून पाच गोळ्या झाडल्या. पाचही कॉफीच्या कपाच्या तोंडाएवढ्या जागेत बसल्या. मर्नाला याचाच जास्त राग आला. खराब निघाली असती तर निदान लाइलला तोंडावर सांगता आलं असतं. दिसायला भिकार, हाताळायला भिकार, आणि तक्रार करावी तर गोळी बरोबर जागी.

"तू लाकडाच्या प्रेमात पडली आहेस, बाकी काही नाही," लाइल म्हणाला. "जनावराला दस्ता दिसत नाही."

शिकारीचा हंगाम सुरू झाला तसे दोघं पहाटेच डोंगरावर चढले. रात्री बर्फ पडलं होतं. मर्नाला या वर्षी मादी मारायचा परवाना मिळाला होता, आणि हिवाळ्यासाठी मांस हवंच होतं. ती आता जळक्या घराशेजारी चाकांवरच्या एका खोलीत, कॅम्परमध्ये राहत होती. उधारीचा फ्रीझर बाहेर छपराखाली रिकामा पडला होता.

उजाडल्यावर समोरच्या उतारावर एल्कचा कळप उघड्यावर आला. शेवटची मादी डाव्या बाजूला तोंड करून थांबली. अंतर बेताचं होतं. मर्ना बर्फात बसली, कोपर गुडघ्यांवर टेकले आणि बापाने शिकवलं होतं तसा रायफलीचा चामडी पट्टा उजव्या दंडाभोवती गुंडाळून आवळला. सगळा जन्म ती अशीच नेम धरत आली होती. श्वास सोडला, चाप दाबला.

मादी पाठीतून वाकली. मर्नाला त्याच क्षणी कळलं. खांद्यामागे बसायची गोळी पोटात गेली होती.

तिने बोल्ट ओढला. तो अडला. जोर करून वर उचलला, मागे घेतला, पुढे ढकलला, आणि काडतूस आत गेल्यासारखं वाटलंच नाही. खाली बघितलं तर डब्याच्या जागी भोक. गोळीच्या धक्क्याने खिटी सुटून काडतुसांचा डबा बर्फात पडला होता. ती हाताने बर्फ चाचपडेपर्यंत मादी लंगडत झाडीत शिरली.

लाइलही गुडघ्यांवर बसून शोधू लागला. सापडला तेव्हा डब्याच्या तोंडात बर्फ गच्च भरलं होतं.

रक्त कमी आणि पोटातल्या चाऱ्याने हिरवट होतं. ते माग काढत झाडीतून उतरले, ओढा ओलांडला, परत चढले. दोनदा मादी बसलेल्या जागा सापडल्या. बर्फ वितळून काळा डाग पडलेला. मर्ना पुढे चालत होती आणि एकदाही मागे वळून बघत नव्हती. दुपार कलली तेव्हा पडलेल्या पाइनच्या आडोशाला मादी दिसली. मान वर होती. ती त्यांच्याकडे बघत होती, पण उठली नाही.

मर्नाने मागे हात केला. लाइलने न विचारता आपली जुनी रायफल तिच्या हातात दिली. उजव्या हाताची होती, तरी एका गोळीसाठी तेवढं पुरलं.

पोट फाडलं तशी घाण वास मारत बाहेर आली. आतड्यातलं सगळं मागच्या मांड्यांच्या फऱ्यांपर्यंत पसरलं होतं. चांगलं निघालं असतं त्यातलं बरंचसं मांस त्यांना कापून टाकावं लागलं. मर्नाने बर्फाने हात घासले, पुन्हा घासले.

"नेम चुकतो कधी कधी," लाइल हळूच म्हणाला.

"माझा नेम चुकला नाही, लाइल."

"बरं."

"बरं म्हणू नकोस मला. ती रायफल घे हातात. पट्टा दंडाला आवळ, मी आवळते तसा. आणि आता नळीकडे बघ."

लाइलने पट्टा आवळला. दस्त्याचा नळीखालचा पुढचा भाग त्याच्या डोळ्यांदेखत वाकला आणि नळीला जाऊन टेकला. त्याने पट्टा सैल सोडला. दस्ता परत जागेवर. पुन्हा आवळला. मग नुसत्या अंगठ्याने दाबून बघितलं. तेवढ्यानेही टेकला.

"आयला," तो म्हणाला.

"पिशवीवर ठेवली की शहाणी. हातात घेतली की दस्ता नळीला रेटतो आणि गोळी भलतीकडे. आणि शिकार काय मी पिशवीवरून करते?" तिचा आवाज चढला. "ही मादी सकाळपासून पोट धरून चालत होती डोंगरात. कशासाठी? कुणीतरी कुठेतरी लाकडाऐवजी बादली वितळवून ओतली म्हणून."

"बंबावरच्या पोरांनी मनापासून दिली होती, मर्ना."

"पोरांना मी काय म्हणतेय? त्यांना काय माहीत! ज्यांना माहीत होतं त्यांच्याबद्दल बोलतेय मी. हे बनवणाऱ्याला पक्कं माहीत होतं."

मांसाचे फरे पाठीवर घेऊन ते अंधार पडायच्या आत खाली उतरले. 

सोमवारी मर्नाने कंपनीला फोन लावला. बराच वेळ गाणी ऐकवल्यावर एक तरुण माणूस लाइनवर आला. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅम, आमच्या शिफारशीप्रमाणे पुढच्या भागावर जास्त दाब देऊ नये."

"म्हणजे बंदूक धरायची नाही?"

"धरा ना, मॅम. फक्त हलक्या हाताने."

"आणि पट्टा? पट्ट्याची कडी तुम्हीच लावून दिली आहे दस्त्याला."

"तो खांद्याला अडकवून नेण्यासाठी आहे, मॅम."

"काडतुसांचा डबा पडतो."

"तो आम्ही तुम्हाला नवीन पाठवू. अगदी मोफत."

"पोलादी?"

"नाही मॅम. तोच."

आठवड्याभरात डबा आला, आणि सोबत कंपनीचं नाव लिहिलेली एक टोपी. मर्नाने टोपी कोंबड्यांच्या खुराड्यात टाकली. एक कोंबडी लगेच तीत बसली.

बंबखान्यातल्या पुढच्या जेवणाला लाइलने स्वतःच उठून झालेलं सगळं सांगितलं. न विचारता मी घेऊन आलो, म्हणाला, पारखून घ्यायला हवी होती.  बर्नडीनचं तोंड लाल झालं.

"म्हणजे आमची भेट कचरा होती?"

"तुमची भेट नाही, बर्नडीन," मर्ना म्हणाली. "ती वस्तू."

"तेच झालं ना! इतरांना चालतात की अशाच. माझ्या जावयाकडे आहे, त्याने दोन हरणं मारली."

"कशी मारली, विचार एकदा त्याला," मर्ना म्हणाली.

बर्नडीनने खुर्ची मागे सारली आणि कोट घातला. त्यानंतर पोस्टात समोरासमोर आल्या तरी ती नजर फिरवायची.

मर्नाला ते लागलं. पण रायफल कॅम्परच्या कोपऱ्यात उभी दिसली की तिला त्या हिरवट रक्ताचा वास यायचा. विकायचा विचार केला, ओरिन परत घ्यायलाही तयार होता. पण तो ती पुन्हा भिंतीवर टांगणार, आणि कोणीतरी डावखुरं पोरगं ती हौसेने घरी नेणार. दस्ता बदलावा म्हटलं तर डाव्या हाताच्या त्या मॉडेलला दुसरा दस्ता कोणीच बनवत नव्हतं. शेवटी एके सकाळी तिने ती उचलली आणि गावातल्या वेल्डरकडे नेली.

"नळी तीन जागी काप. बोल्टही."

वेल्डरने तिच्याकडे बघितलं. "नवी कोरी आहे ही."

"म्हणून तर. जुनी असती तर बरी असती."

त्याने कापली. प्लॅस्टिकवर ठिणगी पडली तसा काळा धूर निघाला आणि दोघांनी नाक दाबलं.

गोष्ट दुपारच्या आत गावभर झाली. संध्याकाळी कॅम्परच्या दारावर थाप पडली. बाहेर बर्नडीन उभी होती, हात कोटाच्या खिशात.

"कापलीस म्हणे."

"हो."

"विकून पैसे तरी परत द्यायचे होतेस बंबखान्याला."

"माझ्याच्याने ती दुसऱ्याच्या गळ्यात मारवेना, बर्नडीन. तू ती मादी बघितली नाहीस."

बर्नडीन पायरीवर उभी राहिली. आत ये असं मर्ना म्हणाली, पण ती आली नाही.

"जावयाला विचारलं मी," ती म्हणाली. "दुसरं हरीण त्याला सापडलंच नव्हतं म्हणे. मारलं म्हणून सांगत होता आम्हाला. गाढव." ती जायला वळली. "तरीही तू आधी मला सांगायला हवं होतंस. सगळ्यांसमोर नाही."

"हो," मर्ना म्हणाली. "ते खरं आहे."

वसंत यायच्या आधी ओरिनकडे कोण्या म्हाताऱ्याच्या घरातून एक जुनी रायफल विकायला आली. लाकूड हातांनी घासून काळपट झालेलं, नळीवरचा रंग उडालेला, आणि बोल्ट उजवीकडे. मर्नाने तो ओढला तेव्हा तो लोण्यातून सुरी फिरावी तसा मागे आला. तिने आपलं जादा खोगीर देऊन ती घेतली.

त्या दिवसापासून ती कॅम्परमध्ये बसून रिकाम्या रायफलीवर सराव करू लागली. डाव्या खांद्याला दस्ता, आणि डावा हात नळीवरून पलीकडे नेऊन बोल्ट ओढायचा. मनगट दुखायचं. लाइल दारात उभा राहून हसायचा.

"पाठ खाजवतेयस की रायफल चालवतेयस?"

"हस तू. डावखुऱ्या माणसाने या वयात उजवीकडचा बोल्ट चालवायला शिकायचं, का, तर डावीकडची रायफल कोणी नीट बनवत नाही."

"मग त्या उजव्यांची तरी कुठे बनवतात नीट?"

 मर्नाने पुन्हा हात पलीकडे टाकला, बोल्ट मागे घेतला आणि पुढे ढकलला.