रबराने न निघणारी संख्या

सत्काराच्या दिवशी बाकीबाई मुद्दाम पहिल्या रांगेत बसल्या. प्रत्येक भागाकारानंतर "बाकी किती उरली?" विचारायची त्यांची खोड, म्हणून गणिती कोष्टकं तयार करणाऱ्या त्यांच्या विभागात हे नाव पडलेलं. ठेवलं होतं विभागप्रमुख साहेबांनी, ज्यांचा आज सत्कार होता.

तीन वर्षं बाईंनी हाताने फिरवायच्या आकडेमोडीच्या यंत्रावर मूळ संख्या शोधल्या. एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या. शेवटची सगळ्यात मोठी होती: १०,००,०७,६०,०१,४४३. तिला भागत भागत त्या चार लाखांपर्यंत आल्या होत्या, जायचं होतं दहा लाखांपलीकडे. म्हणून वहीत तिच्यापुढे पेन्सिलचा ठिपका होता. ठिपका म्हणजे तपासणी अपुरी.

एका संध्याकाळी भांडी घासताना त्यांना एकदम उलगडलं. सकाळी सांगायला धावत गेल्या, तर फलकावर बातमी झळकत होती: विभागातली सर्वांत मोठी मूळ संख्या साहेबांनी शोधली! वही साहेबांच्या टेबलावर. बाईंचं पेन्सिलने लिहिलेलं नाव खोडलेलं, आणि त्याच झपाट्यात ठिपकेही. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण बोलल्या नाहीत. चढू दे मेल्याला आणखी वर, म्हणाल्या मनाशी.

मूळ संख्यांचं पुस्तक साहेबांच्या नावाने निघालं, त्या गप्प. प्रवेशद्वारातल्या दगडावर संख्या कोरायची ठरली, तेव्हा तर कारागिराजवळ बसून त्यांनीच एकेक आकडा वाचून दाखवला. चुकायला नको.

"कुणाला काही विचारायचंय?" सत्काराच्या भाषणाशेवटी साहेबांनी फळ्यापाशी उभं राहून विचारलं.

बाई उठल्या. "सर, तुमच्या संख्येत एक मिळवता का?"

"बाकीबाई, अजून बेरजेतच अडकलात?" सभागृह खो खो हसलं. साहेबांनी एक मिळवला.

"आता दहा लाख अडतीसला दहा लाख अडतीसनेच गुणा."

खडू झपझप चालला, मग मंदावला, मग थांबला. उत्तर तेच आलं होतं.

"आठाचा वर्ग चौसष्ट," बाई सभागृहाकडे वळल्या. "त्यातून एक गेला की त्रेसष्ट, म्हणजे आठाच्या अलीकडच्या साताला पलीकडच्या नवाने गुणलेलं. ही संख्याही तशीच, वर्गाला एक कमी. दहा लाख सदतीसने भाग जातो, दहा लाख एकोणचाळीसनेही जातो. बाकी शून्य."

मागे कुणीतरी निमंत्रणाच्या पाठीवर गुणाकार करून ओरडलं, "अहो, बरोबर आहे!" आता हसणं वेगळंच होतं. बाईंना ते फार गोड लागलं.

दारात साहेबांनी गाठलं. चेहरा पांढराफटक. "माहीत होतं तर आधी सांगायचंत ना!"

"सांगितलं होतं, पेन्सिलने. तुम्हीच खोडलंत."

बाहेर दगडापाशी थांबून बाईंनी आकड्यांवरून बोट फिरवलं. कारागिराने चांगले खोल कोरले होते.