लाल गाडीचं हेड आणि मी

मी पट्टी बोलतेय. शाळेच्या दप्तरातली नव्हे हं, टूलरूममधली! हातभराहून थोडी लांब, अंगाने पोलादी. माझ्यावर आकडे नाहीत, खुणा नाहीत. मला मोजता येत नाही. समोरचं सरळ आहे की वाकडं, एवढंच मला सांगता येतं. वस्तूवर माझी धार टेकवायची आणि मागून बॅटरी धरायची. मधून उजेड आला तर वस्तू वाकडी, नाही आला तर सरळ. दुधाचं दूध, पाण्याचं पाणी.

माझा जन्म तारापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात झाला. परभणीकडून नोकरीसाठी आलेले रामकिसन तिथे फिटर होते. त्यांनी पोलादाचा दांडका कानशीने घासून मला आकार दिला. मग सपाट बिडाच्या टेबलावर निळा रंग लावायचा, त्यावर मला फिरवायचं आणि जिथे रंग लागेल तो उंचवटा खरवडायचा. पुन्हा रंग, पुन्हा खरवडणं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे पत्ते कुटत आणि हे मला खरवडत बसत. शेवटी एके दिवशी या टोकापासून त्या टोकापर्यंत रंग सारखा लागला. रामकिसन म्हणाले, "आता हिला कुणी खोटं पाडणार नाय." तेव्हापासून माझी मान ताठ. खरं सांगायचं तर जरा जास्तच ताठ.

पुढे ते निवृत्त झाले आणि त्यांच्या पिशवीतून मी बोईसरला मोनालीच्या गॅरेजमध्ये आले. मोनाली त्यांची लेक. आयटीआय करून तिने हे गॅरेज उघडलं, तेव्हा "बाई काय गाड्या दुरुस्त करणार" म्हणणारे पुष्कळ होते. आता त्यांच्याच गाड्या दारात उभ्या असतात. रामकिसन खुर्ची टाकून कोपऱ्यात बसतात आणि कुणी विचारो न विचारो, सल्ला देतात. मला तेलाच्या फडक्यात गुंडाळून लाकडी खोक्यात ठेवलं होतं. लेकीला त्यांची ताकीदच होती, "हिच्यानं डबा उघडायचा नाय, काय उचकटायचं नाय."

आणि ताकीद मोडली कुणी? त्यांनीच! इथल्या खाऱ्या हवेने शटर गंजून अडकलं होतं. मोनाली सामान आणायला पालघरला गेलेली. रामकिसन थोडा वेळ शटरशी झटले आणि मग त्यांनी मला खोक्यातून काढलं. आडवी घातली तर लवेन म्हणून उभी घातली, धारेखाली वीट दिली आणि अंगाचा सगळा भार टाकला. शटर करकरत उघडलं. माझ्या कंबरेत कळ आली. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, मला पुसलं आणि गुपचूप जागेवर ठेवलं. मला राग आला तो अपमानाचा. कळ मी मनावर घेतली नाही.

मग एके दिवशी दोरीने ओढत ती लाल गाडी आणली गेली. दोनच माणसांची, बुटकी, जमिनीला चिकटून चालणारी परदेशी स्पोर्ट्स कार. मालक पालघरचा मेहुल. सुट्टीला गाडी घेऊन केळव्याला जायचं, किनाऱ्यावरच्या सुरूंच्या सावलीत ती लावायची आणि दिवसभर तिच्याकडे बघत बसायचं, हाच त्याचा छंद.

"तापमानाचा काटा लाल रेघेवर गेलेला दिसला होता?" मोनालीने विचारलं.

"दिसला ना, ताई. पण म्हटलं बोईसर तर आलंच, पाच मिनिटांचा प्रश्न."

"इंजिनाला तीच पाच मिनिटं नडतात," मोनाली म्हणाली.

शेजारच्या गॅरेजचा अंकुश हात पुसत आला. दुसऱ्याच्या गाडीचा आजार सांगायला त्याला फार आवडतं. "हेड वाकलं असणार," तो म्हणाला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं जाड झाकण. ते तापून वाकलं की गाडीचा दम निघून जातो. "आधीच्या मालकानं दोनदा मशीनवर घासून घेतलंय म्हणतोस ना? मग आता घासायला उरलंय काय? नवं तर मिळत नाय. दे भंगारात."

मेहुलचा चेहरा उतरला. वापीचा एकजण सुट्या भागांसाठी गाडी उचलायला तयार होता, फक्त फोन करायचा अवकाश. "शाळेत वहीच्या मागच्या पानावर हीच गाडी काढायचो, ताई," तो हळूच म्हणाला.

"अंदाजावर कुणाची गाडी मारायची नाय," मोनाली म्हणाली. "आधी बघू तर दे."

तिने इंजिन पूर्ण गार होऊ दिलं. पाणी पाहिलं, ते कमी झालं होतं. तेल पाहिलं. त्यात पाणी शिरलं असतं तर दुधाच्या चहासारखं दिसलं असतं, पण तेल स्वच्छ होतं. मग एकेका सिलिंडरला गेज लावून दाब घेतला. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दम नव्हता, बाकीचे ठणठणीत होते. म्हणजे त्या दोघांच्या मधलं गास्केट, हेडखाली दाबलेलं पातळ अस्तर, जळलेलं असणार. तिने हेड उतरवलं. गास्केटवर नेमकं तिथेच काळं भगदाड होतं. आता प्रश्न एकच राहिला होता. हेड वाचलं की वाकलं?

"अप्पा, पट्टी द्या," ती वडिलांना म्हणाली.

काय ऐटीत मी खोक्यातून निघाले! तिने हेड घासून पुसून आरशासारखं केलं, माझी धार टेकवली आणि मागून बॅटरी धरली. मधोमध उजेडाची फट दिसली. तिरकी ठेवली तरी फट तिथेच.

"सांगत नव्हतो?" अंकुश म्हणाला. मेहुल टायरवर बसला आणि त्याने मोबाइल काढला. मला वाईट वाटलं, पण अभिमानही वाटला. खरं ते मी सांगितलं होतं.

मोनाली मात्र हलली नाही. तिने मला उचललं आणि हेडखालच्या बिडाच्या ब्लॉकवर ठेवलं. तिथेही मधोमध उजेड, तेवढाच.

"थांब रे मेहुल, फोन करू नकोस," ती म्हणाली. "वरचं ॲल्युमिनियम, खालचं बीड. दोघं एकाच जागी आणि एवढेच कसे वाकतील?" आणि मग तिने माझ्याकडे पाहिलं.

रामकिसन खुर्चीतून उठले. "काय बघतीस?"

"पट्टी तपासते, अप्पा."

"माझी पट्टी? अगं, तू रांगत होतीस तवापासून ती सरळ हाय!"

"असंल. पण गाडी भंगारात जायची हाय. पट्टीला विचारायला नको?"

मोनालीने पत्र्याचा तुकडा घेतला आणि माझ्या धारेलगत टोकदार सुईने रेघ मारली. मग मला पालथी केली, दोन्ही टोकं त्याच रेघेवर बसवली आणि त्याच धारेने दुसरी रेघ मारली. मी सरळ असते तर दोन्ही रेघा एक झाल्या असत्या. टोकांना त्या एक होत्या. मधे मात्र लांबट डोळा उघडला होता.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं आणि आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही, ते हेच. एका चांगल्या इंजिनाला मी फासावर चढवत होते, तेही मान ताठ ठेवून.

रामकिसनांनी तो पत्रा उचलून डोळ्यांजवळ धरला. "शटर अडकलं होतं," ते म्हणाले. "मीच वाकवली. एवढ्यानं काय होतंय म्हटलं." मोनालीने त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि म्हणाली, "चला, हेड घेऊन पंढरीकाकांकडं जाऊ."

पंढरी त्यांचे कारखान्यातले जुने सोबती. त्यांच्या वर्कशॉपमध्ये तसलंच सपाट बिडाचं टेबल आहे. हेड निळ्या रंगावर फिरवलं आणि उलटं केलं. रंग सगळीकडे सारखा लागला होता. हेड सरळ होतं! मेहुलने ते हेड तान्ह्या बाळासारखं उचलून टेम्पोत ठेवलं. गॅरेजमध्ये परतल्यावर ब्लॉकवरूनही पंढरींची पट्टी फिरली, तिथेही उजेड आला नाही.

गाडी का तापली, तेही मोनालीने शोधलं. रेडिएटरच्या पुढे सुरूच्या वाळक्या काड्यांची गादीच झाली होती. सावलीला लावलेल्या गाडीत त्या वर्षानुवर्षं गळत गेल्या आणि वारा अडला. गादी काढली, नवं गास्केट बसवलं, गाडी गुरगुरली. आता केळव्याला गाडी उन्हात असते आणि मेहुल सावलीत.

आणि मी? मला वाटलं, आता उरलेला जन्म डबे उघडण्यात जाणार. पण मोनाली म्हणाली, "अप्पा, तुम्हीच बनवली, तुम्हीच सरळ करा." तेव्हापासून रोज सकाळी रामकिसन मला पंढरींकडे घेऊन जातात. माझी टोकं मधल्या खोलगटीच्या पातळीला आणायची, म्हणून खरवडतात. चष्मा घसरतो. मला दुखतं. पण मी सोसते.

वाचकहो, कुणावर वाकडेपणाचा शिक्का मारायला मला हातात घ्याल, तेव्हा आधी माझ्या दोन रेघा मारून बघा. मी रागावणार नाही. आता तर मला तेच हवं आहे.

आज सकाळी मोनालीने पत्र्यावर पुन्हा रेघा मारल्या. डोळा जवळजवळ मिटलाय, मधे केसाएवढी फट उरलीय. रामकिसनांनी चष्मा पुसला आणि पुन्हा हत्यार हातात घेतलं.

खरवडा, रामकिसन. मी हलत नाही.