चालतंय

"अजून घट्ट बांधा, मामा."

"अजून घट्ट बांधला तर पाय निळा पडंल. गुडघा हाय तो, पार्सल नाय."

कचरूमामांनी चिकटपट्टीचं टोक दातांनी तोडलं आणि सौरभच्या डाव्या गुडघ्यावर शेवटचा वेढा दाबून बसवला. बोट जरा जास्त दाबलं गेलं, तशी सौरभने मान दुसरीकडे वळवली. ओरडायचं नाही, एवढं तो इतक्या वर्षांत शिकला होता. पण मामांच्या बोटांना जे कळायचं ते कळलं. गुडघ्यात आजही पाणी होतं आणि कालच्यापेक्षा जास्त होतं.

साहित्याच्या या खोलीवरच क्लबचं ऑफिस होतं. बाहेरून एक अरुंद लोखंडी जिना वर जायचा. वर खुर्च्या सरकवल्याचे आवाज चालले होते. चारची मीटिंग, पाच वाजत आले होते आणि अध्यक्ष अजून आळंदी रोडच्या ट्रॅफिकमध्ये होते. एकाच विषयावरची ही चौथी मीटिंग. सौरभचा करार आणखी दोन वर्षं वाढवायचा की नाही, एवढाच विषय. मामांच्या मते एवढ्या वेळात एखादा उड्डाणपूल बांधून झाला असता, आणि तोही पुण्यातला.

विश्रांतवाडीचा मुळाकाठ फुटबॉल क्लब म्हणजे काही मोठं प्रकरण नव्हे. तीनेकशे माणसं बसतील एवढ्या पायऱ्या, आठवड्यातून एकदा पाणी मिळालं तर हिरवं दिसणारं मैदान आणि सौरभ. बारा वर्षं क्लबचा गोल म्हणजे सौरभचा गोल, हे ठरूनच गेलेलं होतं. खडकवासल्याच्या सामन्यात त्याने अर्ध्या मैदानातून मारलेला गोल बघायला त्या दिवशी तिथे जितकी माणसं होती, त्याच्या चौपट माणसं आज तो आपण बघितला असं सांगत होती. आता तो चौतिसाव्या वर्षात होता.

आणि कचरूमामा एकसष्टाव्या. क्लबच्या लेटरहेडवर त्यांच्या नावापुढे 'साहित्यप्रमुख' असं लिहिलेलं असायचं. बॉलमध्ये हवा भरणं, फक्कीने रेषा मारणं, जर्सी मोजून घेणं, खेळाडूंचे पाय चोळणं आणि बांधणं ही सगळी साहित्यसेवा. सव्वीस वर्षांपूर्वी त्यांना 'तात्पुरतं' ठेवून घेतलं होतं. त्यानंतर त्यांना कायम करायचं कुणाला सुचलं नाही आणि काढायचंही सुचलं नाही. मामांनीही कधी विचारलं नाही. पगार वेळेवर होतो का? चालतंय. दम लागतो का? चालतंय. भाजीत मीठ जास्त पडलं तरी चालतंय. त्यांची बायको राधा म्हणायची, "मी मेले तरी हा माणूस चालतंयच म्हणंल."

सौरभने पायमोजा वर ओढून पट्टी झाकली.

"मामा, आज वर तुम्हाला विचारणारेत. अध्यक्ष स्वतः म्हणाले."

"मला? मला कशाला?"

"एमआरआयचा रिपोर्ट मागत होते. लॅबमधून यायचाय म्हणून मी तीन महिने ताणलं. आता म्हणतात, कचरूला विचारू."

रिपोर्ट मार्चमध्येच आला होता. तो दाखवायला सौरभने हॉस्पिटलमध्ये नेला तेव्हा बरोबर मामाच होते. डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. खेळणं आज थांबवा, नाहीतर चाळिशीच्या आत सांधा बदलावा लागेल, तोही टिकेल याची खात्री नाही. रिक्षात बसल्यावर सौरभने मामांकडून वचन घेतलं होतं की हे कुणाला सांगायचं नाही. मामांनी ते दिलं आणि त्या दिवसापासून त्यांची झोप उडाली.

"सौऱ्या, सांगून टाक बाबा आता. बारा वर्षं खेळलास की."

"दोनच वर्षं, मामा. पोरगी चारची आहे. मी आत्ता सोडलं ना, तर तिला काहीच आठवणार नाही. बाबा फुटबॉल खेळायचा हे लोकांकडून ऐकेल फक्त. सहाची झाली की लक्षात राहतं. मला तिनं एकदा नीट बघायला पाहिजे, बस."

यावर मामांकडे उत्तर होतं. पोरगी सहाची झाली की तिला सायकल शिकवावी लागते, आणि सायकलच्या मागे बापाला पळावं लागतं. पण चौदा वर्षांचा असताना फाटक्या चपला घालून आलेल्या या पोराला त्यांनी स्वतःच्या हाताने पहिले बूट बांधले होते. त्याच्या तोंडावर हे म्हणणं त्यांना जमलं नाही. सौरभ वर जाऊन गॅलरीतल्या बाकावर बसला. मामा बॉल पुसत राहिले.

साडेपाचला अध्यक्ष आले. दत्तप्रसादसाहेब बँकेतून निवृत्त झालेले, बोलायला लागले की नमनाला घडाभर तेल. क्लबची स्थापना, क्लबची परंपरा, खडकवासल्याचा गोल, असं सगळं झाल्यावर विषय आला. मामांना दाराशी उभं केलं होतं. बसा असं कुणी म्हटलं नाही आणि जा असंही नाही.

"सौरभ म्हणजे क्लब आहे," अध्यक्ष म्हणाले. "लोक कुणाला बघायला येतात?"

सचिव सुदर्शन आयटीतला. त्याने लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. "सर, विथ ड्यू रिस्पेक्ट, नाकापेक्षा मोती जड होतोय. डेटा बघा ना. लास्ट सीझनला त्याचे स्प्रिंट्स चाळीस टक्के डाउन आहेत. दोन वर्षांचं एक्स्टेन्शन म्हणजे टू मच."

"तुमच्या डेटात गर्दी दिसते का हो?"

"गर्दी गोल मारत नाही, सर."

"डेटाही मारत नाही."

हे असं पाऊण तास चाललं. मामा एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत उभे होते आणि त्यांचं डोकं तापत चाललं होतं. चार मीटिंगा झाल्या. गुडघा खाली आणि चर्चा वर. एकालाही जिना उतरून तो गुडघा बघावासा वाटला नव्हता. अध्यक्षांनी तर निर्णयाआधीच चौकात फ्लेक्स लावून घेतला होता. 'आमचा सौरभ, आणखी दोन वर्षे.' त्यात सौरभचा फोटो अध्यक्षांच्या फोटोपेक्षा लहान होता.

इतिवृत्त लिहायला नम्रता मॅडम होत्या, शाळेत शिकवणाऱ्या. त्या शेवटी कंटाळून म्हणाल्या, "मी काय लिहू तेवढं सांगा. मला सातला घरी जायचंय."

"कलम सतरा," अध्यक्षांनी बोट वर केलं. "क्लबची घटना काढा. 'खेळाडूच्या प्रकृतीविषयी साहित्यप्रमुखाचे मत घ्यावे.'"

क्लबचा पहिला साहित्यप्रमुख एका दवाखान्यात कंपाउंडर होता, त्याच्यासाठी हे कलम घातलेलं. कंपाउंडर जाऊन पंचेचाळीस वर्षं झाली, कलम काढायचं राहून गेलं.

"सीरियसली?" सुदर्शन म्हणाला. "रिपोर्टच्या ऐवजी?"

"घटना म्हणजे घटना. कचरू, सांगा. सौरभचा गुडघा कसा आहे?"

सगळ्यांनी मामांकडे बघितलं. दार उघडंच होतं आणि बाहेर बाकावर सौरभची पाठ दिसत होती. ती पाठ एकदम ताठ झाली. मामांना मार्च महिना, डॉक्टर, रिक्षातलं वचन, सगळं एकदम आठवलं. आणि तोंडातून आलं ते आयुष्यभर येत आलेलं.

"चालतंय."

"झालं तर मग," अध्यक्ष म्हणाले. "घ्या लिहून. आणि कचरू, जाता जाता चहाचं बघा. पाच कप."

जिना उतरताना मामांना स्वतःची लाज वाटली. टपरीवर उभं राहून ते स्वतःलाच समजावत होते की आपण खोटं बोललो नाही. पण खोटं बोललो नाही म्हणजे खरं बोललो असं होत नाही, हेही त्यांना कळत होतं. चहावाल्याने दोनदा विचारलं, साखर नेहमीची ना, तेव्हा कुठे त्यांनी मान हलवली.

ट्रे घेऊन ते वर आले तेव्हा नम्रता मॅडम वाचून दाखवत होत्या. "'श्री. सौरभ यांच्या डाव्या गुडघ्याची साहित्यप्रमुखांनी तपासणी केली असून तो पूर्णतः तंदुरुस्त असल्याचे त्यांनी सभेस सांगितले. सबब करार दोन वर्षांनी वाढवण्यात येत आहे.'"

"हे मी कधी म्हणालो?" मामांनी विचारलं.

"अहो, मघाशी," अध्यक्ष म्हणाले. "गुडघा कसा आहे विचारलं, तुम्ही चालतंय म्हणालात."

"म्हणालो. मग?"

"मग तेच की. चालतंय म्हणजे ठीक आहे."

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. सुदर्शनने घाईने लॅपटॉप बाजूला ओढला.

"चालतंय म्हणजे चालतंय, साहेब. पळतंय नाय म्हणालो मी."

कुणीच कप उचलला नाही. एकदा सुरुवात झाल्यावर मामा थांबले नाहीत. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण चिडलेला होता, आणि त्यातला निम्मा राग स्वतःवरचा होता. "चार मीटिंगा केल्या तुम्ही. कुणी खाली येऊन हात लावून बघितला का? रोज सकाळी पाणी भरतंय त्यात. डॉक्टर मार्चलाच म्हणालेत, खेळणं बंद. नाहीतर चाळिशीच्या आत सांधा बदलायचा. मी होतो तिथं. आन् तुम्ही माझ्या नावावर काय तर पूर्णतः तंदुरुस्त लिहिताय."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"भ्यालो. पोरगं आयुष्यभर बोलणार नाय माझ्याशी म्हणून भ्यालो."

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. "अहो, पण आपल्याकडे चालतंय म्हणजे..."

"आपल्याकडं काहीबी चालतं, साहेब. तेच तर."

"आणि चौकातल्या फ्लेक्सचं काय आता?"

"सर, प्लीज," सुदर्शन म्हणाला. एरवी वाद जिंकल्यावर तो लॅपटॉप मिटायचा, आज लॅपटॉपकडे बघतही नव्हता.

नम्रता मॅडमनी दाराकडे तोंड करून हाक मारली. "सौरभ, जरा आत या. मी एवढी वर्षं मुलांच्या सबबी ऐकते, मला एका माणसाच्या तोंडून खरं ऐकायचंय. काय लिहू?"

सौरभ दारात येऊन उभा राहिला. त्याने मामांकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि मामांना वाटलं, आता हा म्हणेल की म्हाताऱ्याला काय कळतंय. तसं म्हटलं असतं तर तिथल्या निम्म्या लोकांना ते हवंच होतं. सौरभने चौकटीवर हात टेकवून डाव्या पायावरचा भार काढला.

"मामांनी आत्ता सांगितलं ते लिहा, मॅडम. मघाचं खोडून टाका."

मॅडमनी खोडलं. करार न वाढवण्याचा ठराव सर्वानुमते झाला. सूचक, अनुमोदक वगैरे विचारायचं भान कुणाला राहिलं नाही. अध्यक्षांनी सत्काराचं काहीतरी काढलं, शाल, श्रीफळ, तारीख. सौरभ ते ऐकायला थांबला नाही. मामा त्याच्या मागे गॅलरीत आले.

खाली मैदानावर संघाचा सराव सुरू झाला होता. चढताना सौरभचं कसंबसं भागायचं, उतरताना मात्र जीव जायचा. म्हणून मार्चपासून ऑफिसात यावं लागलं की तो काहीतरी निमित्त काढून वर रेंगाळायचा आणि मैदान रिकामं झालं की मामांच्या खांद्यावर हात टाकून उतरायचा. आज मामांनी सवयीने खांदा पुढे केला. सौरभने तो घेतला नाही. त्याने कठडा धरला, उजवा पाय एका पायरीवर खाली ठेवला, त्याच्याशेजारी डावा आणून टेकवला आणि थांबला. मग पुढची पायरी. मैदानावरच्या कुणीतरी वर बघितलं, मग दुसऱ्याने बघितलं आणि बॉल तसाच कडेला घरंगळत गेला.

मामा दोन पायऱ्यांचं अंतर ठेवून त्याच्याच चालीने उतरू लागले. मागून ऑफिसातली मंडळी बाहेर पडली आणि अरुंद जिन्यावर एकामागे एक खोळंबली. अध्यक्षांना उशीर झाला होता. "जरा लवकर..." असं ते म्हणायला लागले, तेव्हा कचरूमामांनी मागे न बघता हात आडवा केला. अध्यक्ष थांबले, त्यांच्यामागचे सगळेही थांबले, आणि सौरभ शेवटची पायरी उतरून मैदानात जाईपर्यंत तो हात कठड्यापासून भिंतीपर्यंत तसाच राहिला.