दोन पोरांचा एक माणूस

थांबा, ढकलाढकली नको. एकेकानं या. मी फिरतं फाटक बोलतोय. एका वेळी एकच माणूस आत घ्यायचा, 'खट्' म्हणायचं आणि पोटातला आकडा एकानं पुढे सरकवायचा, एवढीच विद्या मला येते. पण या एवढ्याशा विद्येपायी एका हॉटेलाची अब्रू आणि एका भल्या माणसाची नोकरी गेलेली मी पाहिली आहे. तेव्हा मला अगदीच लोखंड समजू नका.

जन्म माझा फरीदाबादचा. तीन हात, एक पाय आणि छातीवर काचेआड पाच आकड्यांची खिडकी. खरं म्हणजे मी एका कापडगिरणीच्या दारावर जायचा होतो. पण तिथं संप लागला आणि आत येणारे मोजायची गरजच उरली नाही. मग जयपूरच्या सेठ सुखदेवजींनी मला उचललं. त्र्याऐंशी सालची दिवाळी तोंडावर आली होती. बगरूकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांनी 'स्वप्नलोक' नावाची बाग उभारली होती. आकाशपाळणा, फिरते घोडे, छोटी आगगाडी आणि सिमेंटचा एक हत्ती. आमेरच्या किल्ल्यावरचे खरे हत्ती तो बघायला कधी आले नाहीत हे बरंच झालं. शेजारी त्यांचंच चाळीस खोल्यांचं हॉटेल, 'स्वप्नमहल'. बागेत आलेला माणूस दमून हॉटेलात झोपेल आणि हॉटेलात झोपलेला माणूस कंटाळून बागेत येईल, असा सेठजींचा हिशेब होता. दोन वर्षं कोणी दमलंही नाही आणि कंटाळलंही नाही.

माझ्या खिडकीत कोणी ढवळाढवळ करू नये म्हणून सेठजींनी तिच्यावर पत्र्याचं झाकण बसवलं, झाकणाला कुलूप घातलं आणि किल्ली शहरात, सी-स्कीममधल्या आपल्या कचेरीत नेऊन ठेवली. आणि मोठ्या माणसांच्या रीतीप्रमाणे ती ठेवल्याचं विसरून गेले.

फाटकावर बसायला विश्वासाचा माणूस हवा होता. तो मिळाला पंढरीनाथांच्या रूपानं. मूळचे अमळनेरचे. रेल्वेत तिकीट कलेक्टर म्हणून छत्तीस वर्षं काढली, बदल्या होत होत जयपूरला पोचले, इथंच निवृत्त झाले आणि आदर्श नगरात दोन खोल्या घेऊन राहिले. काळा कोट अंगावरून उतरला होता, अंगातून नव्हे. पहिल्या दिवशी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाले, "हे बघा फाटकबुवा, तुम्ही तुमचं मोजा, मी माझं मोजतो. कधी ना कधी ते कुलूप उघडेल. तेव्हा दोघांचं जुळलं पाहिजे." मराठी मी त्यांच्याकडूनच शिकलो. दिवसभर बोलायला त्यांना तिथं दुसरं होतं कोण?

माणसं काय एकेक असतात. ओठावर मिसरूड फुटलेल्या मुलाला आई वाकायला लावते आणि म्हणते, अकरावं चालू आहे. नवरा बायकोचा हात धरून जोडीनं घुसू बघतो आणि माझा दांडा त्याच्या पोटात बसतो. कोणी साहेब येतो, म्हणतो मी अमुक खात्यातला, मला मोजायचं नाही. मी त्यालाही 'खट्' म्हणतो. खात्यातला असला म्हणून काय दोन पायांवर चालत नाही?

आता पंढरीनाथांच्या मोजणीबद्दल सांगतो, कारण सगळं रामायण तिथंच आहे. त्यांची वही होती. मोठा माणूस आला की एक उभी रेघ. अर्ध्या तिकिटाचं पोर आलं की अर्धी रेघ. दोन अर्ध्या मिळून एक. रेल्वेतली छत्तीस वर्षांची सवय, दोन पोरांचा एक माणूस. त्यात आपण काही चुकतो आहोत हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. रेल्वे कॉलनीच्या मराठी मंडळात गणपतीच्या महाप्रसादाची पानं मोजायचं काम त्यांच्याकडेच असायचं, कारण त्यांच्याइतका चोख माणूस दुसरा नव्हता. दरवर्षी शिरा कमी पडायचा आणि खापर आचाऱ्यावर फुटायचं. चार वर्षांत तीन आचारी बदलले.

सुरुवातीला बाग बघायला मोठी माणसं आली. मग त्यांची जागा शाळांच्या सहलींनी घेतली, आणि पोरंच पोरं. माझे तीनही हात संध्याकाळी दुखायचे. पण कचेरीतल्या भिंतीवर सेठजी वहीवरून लाल रेघेचा आलेख काढायचे, तो मात्र खाली खाली चालला होता. पोरं जितकी वाढली तितकी ती रेघ घसरली. सेठजींनी ज्योतिष्याला विचारलं, वास्तू बघणाऱ्याला विचारलं, सिमेंटच्या हत्तीचं तोंड पूर्वेकडे फिरवलं. किल्ली कुठं आहे हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

शेवटी पंच्याऐंशीच्या दिवाळीआधी त्यांनी युक्ती काढली. शाळांना पत्रं गेली, बाग आणि हॉटेलात दोन दिवस मुक्काम, दोन्ही एकाच तिकिटात. शाळांची उत्तरं आली ती पंढरीनाथांकडे सोपवली, विश्वासाचा माणूस म्हणून. अजमेरच्या शाळेनं लिहिलं, एकशे वीस मुलं. पंढरीनाथांनी वहीत घातलं, साठ. सगळ्या शाळांची मिळून मुलं होती तीनशे वीस. वहीत एकशे साठ. चाळीस खोल्या, खोलीत चार खाटा. बरोब्बर जुळलं. सेठजींनी त्यांची पाठ थोपटली.

मग त्या दिवशी दुपारी बसगाड्या आल्या. पहिल्या दोन गाड्यांतली पोरं उतरली तेव्हा हॉटेलचे मॅनेजर उत्तमजी हार घेऊन उभे होते. तिसरी आली तेव्हा हार खाली ठेवला. पाचवीला ते स्वतःच खाली बसले.

"पंढरीनाथजी, ये कितने हैं?" त्यांनी विचारलं.

"एकशे साठ," पंढरीनाथ म्हणाले. "बाकीची विनातिकीट आहेत. शाळांनी कोंबून आणलीत." आणि जुन्या सवयीनं ते तिकिटं तपासत सुटले. प्रत्येक पोरानं मुकाट्यानं अर्धं तिकीट पुढे केलं. तीनशे वीस हात, तीनशे वीस तिकिटं. तरी त्यांच्या डोक्यात प्रकाश पडेना. सवय अशी चीज आहे, डोळ्यांपुढे असलेलंसुद्धा दिसू देत नाही.

स्वप्नमहलाची काय दशा झाली ते विचारू नका. एका खाटेवर दोन-दोन, कुठं तीन-तीन पोरं, डोकी इकडे आणि पाय तिकडे. मास्तर लोक जेवणघराच्या टेबलांवर. चादरींच्या कपाटातसुद्धा दोघं सापडली, आणि ती तिथं खुशीत होती. सकाळी आधीपासून उतरलेल्या एका फ्रेंच पाहुण्यानं आपल्या न्हाणीघराचं दार उघडलं तर आत अकरा मुलं ओळीनं दात घासत होती. त्याला वाटलं इथली काही प्रथा असावी, त्यानं फोटो काढला. पाणी संपलं, पुऱ्या संपल्या, उत्तमजींचा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी शहरातल्या एका वर्तमानपत्रानं छापलं, हॉटेल की धर्मशाळा?

तेव्हा कुठं सेठजींना किल्ली आठवली. कुलूप गंजलं होतं, ते शेवटी तोडावं लागलं आणि झाकणही निघून आलं. माझ्या खिडकीत एकसष्ट हजारांच्या वर आकडा. पंढरीनाथांच्या वहीत चाळीस हजार.

"इक्कीस हज़ार आदमी, पंढरीनाथजी," सेठजी शांतपणे म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. "इक्कीस हज़ार आपने मुफ़्त में अंदर छोड़े?"

पंढरीनाथांचं तोंड पांढरं पडलं. ज्यानं उभ्या जन्मात सख्ख्या मेव्हण्याला विनातिकीट सोडलं नाही, त्याला हे ऐकावं लागलं. मला तोंड असतं तर तिथल्या तिथं सांगितलं असतं. पण मला 'खट्'शिवाय काही म्हणता येत नाही, आणि तेही कोणी ढकलल्याशिवाय नाही.

सेठजी व्यवहारी माणूस. वर्तमानपत्राला आणि शाळांना उत्तर तर द्यायचं होतं. ते म्हणाले, एक काम करा, मशीन पहिल्यापासून बिघडलेली आहे असं लिहून द्या. सगळा घोटाळा मशीनमुळे झाला. तुमचं नाव राहील, नोकरी राहील, माझीही अब्रू राहील. उद्यापर्यंत विचार करा.

दुसरा दिवस सोमवार, बाग बंद. पंढरीनाथ माझ्या पायाशी वह्यांचा ढीग घेऊन बसले होते. त्यांची बायको द्वारका डबा घेऊन आली, बरोबर सात वर्षांची नात मालन. द्वारकाबाईंना कॉलनीतून सगळं कळलंच होतं.

"लिहून द्या ना एकदाचं," त्या म्हणाल्या. "मशीनवर ढकला. त्याला काय बायकापोरं आहेत? मंडळातल्या बायका माझ्याकडे कशा बघून राहिल्या माहीत आहे का तुम्हाला?"

मला वाईट वाटलं. बायकापोरं नाहीत हे खरं, पण म्हणून काय कोणीही उठावं आणि खोटारडा ठरवावं?

"दोन वर्षं शेजारी बसलोय त्याच्या," पंढरीनाथ म्हणाले. "एकदाही अडकला नाही. कसं लिहू?"

एवढ्यात मालन माझा दांडा ढकलून आत गेली. खट्. उघड्या खिडकीत शेवटचा आकडा सातावरून आठावर गेला. पंढरीनाथ खिडकीकडेच बघत होते. बघता बघता सवयीनं पुटपुटले, "अर्धी."

"हाफ कशी, आजोबा?" मालन पलीकडून म्हणाली. "मी तर पूरी आत आले ना."

पंढरीनाथांनी खिडकीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, मग पहिली वही उघडली आणि अर्ध्या रेघांवरून बोट फिरवायला लागले. एक पान, दोन पानं, दहा पानं. मग वही मिटून कपाळाला लावली.

द्वारकाबाईंना जरा वेळानं उमगलं. "म्हणजे," त्या हळूच म्हणाल्या, "तो शिरा..."

"हो," पंढरीनाथ म्हणाले. "तो शिराही."

त्याच दिवशी ते सी-स्कीमला गेले आणि सांगून आले की मशीन बरोबर आहे, चुकलो मी. आता गंमत बघा. चोरी केली असती तर सेठजींनी समजून घेतलं असतं, चोरी त्यांना कळत होती. खरं बोलणारा माणूस त्यांना कळेना. त्यांनी पंढरीनाथांना काढलं, आणि बाहेर सांगितलं की लोकांना फुकट आत सोडत होता. वर शाळांना कळवलं की मशीनही बिघडलेली होती. एका दगडात आम्ही दोघं.

जागेवर सेठजींचा साला आला. पहिल्याच सकाळी, फाटक उघडण्याआधीच, त्यानं वहीत लिहिलं, एक हजार. मग त्याला माझी खिडकी दिसली. त्या दिवशीचा पहिला माणूस आत यायच्या आत मला पाना लावून उखडलं. तेव्हापासून भिंतीवरचा आलेख सारखा वर चालला आहे म्हणे. आकाशपाळणा निम्मा रिकामा फिरतो, पण आलेख बघून सेठजींचं समाधान होतं. ते आता दुसऱ्या हॉटेलचा विचार करत आहेत.

मी स्वप्नमहलाच्या मागच्या अंगणात पडून आहे. माझ्या तीन हातांवर हॉटेलचे टॉवेल वाळतात. एका हाताला गंज चढून मी जागच्या जागी घट्ट बसलो आहे. खिडकीतला आकडा तोच आहे, मालन आत गेली त्या वेळचा.

गेल्या आठवड्यात पंढरीनाथ आले. वर्षभरात वाळले आहेत. बरोबर मालन, काखेत सगळ्या वह्या. उत्तमजींनी मुद्दाम पाठ फिरवली आणि त्यांना आत येऊ दिलं. वर्षभर बसून त्यांनी लाल शाईनं एकेक अर्धी रेघ पुरी केली होती. बेचाळीस हजारांच्या वर रेघा. सेठजींकडे नेल्या तर त्यांनी उघडूनही पाहिल्या नाहीत. मंडळात दाखवल्या तर लोक म्हणाले, जाऊ द्या हो, झालं गेलं. यंदा महाप्रसादाला त्यांनी पोरांचीही पुरी पानं मोजली, शिरा चक्क उरला, आणि तेही कोणाच्या लक्षात आलं नाही.

त्यांनी माझ्यावरचा टॉवेल बाजूला केला, काच बाहीनं पुसली आणि वाचलं, एकसष्ट हजार चारशे अठरा. वहीत पाहिलं, एकसष्ट हजार चारशे सतरा. पुन्हा बेरीज केली. तेच. खाली बसले.

"एक राहिला," ते म्हणाले. "एवढं करून एक राहिलाच. कोण असेल?"

"मी," मालन म्हणाली. "त्या दिवशी बाग बंद होती ना. तुम्ही लिहिलंच नव्हतं मला."

पंढरीनाथांनी तिच्याकडे पाहिलं. मग शेवटचं पान उघडून एक लांब, उभी, पुरी रेघ मारली, आणि माझ्या गंजक्या दांड्यावर हात ठेवून रडले. मीही रडलो असतो, पण आधीच गंजलो आहे.

पुढच्या महिन्यात मला भंगारात देणार असं ऐकतो. द्या, माझी तक्रार नाही. भट्टीत घालण्याआधी एवढंच करा, काच पुसून आकडा एकदा मोठ्यानं वाचा. तो बरोबर आहे. आम्ही दोघांनी मोजलाय.