स्वखुशीने सोडलेलं काम

झिमासाला वागायची रीत कुणी शिकवलीच नव्हती. पिकल्या केसांचं माणूस फाटकाशी उभं आहे, आणि ही आतूनच, भिंतीतल्या बोलत्या डबीतून विचारते, "कोण आहे?" कोण आहे म्हणे! बावीस वर्षं माभेलेने या गेस्टहाउसच्या पाहुण्यांना न्याहारी रांधून घातली. या पोरीचे दुधाचे दात पडत होते तेव्हा तिला मक्याची मऊ लापशी भरवली. आणि आता तिलाच 'कोण आहे'!

"मी आहे. उघड," माभेले डबीला म्हणाली. "आणि उन्हात उभं ठेवू नकोस, मला साडेतीनच्या आत परत कचेरीत जायचंय."

गेल्या वर्षी झिमासाची आई वारली आणि गेस्टहाउस लेकीच्या हाती आलं. लेकीने ठरवलं, न्याहारी बेकरीतून डब्यात येईल. स्वयंपाकीण नको. माभेले रडली नाही. बेकारीच्या विम्यासाठी आपल्या पगारातून दर महिन्याला चिमूटभर कापलं जातं हे तिला पक्कं ठाऊक होतं. नवं काम मिळेपर्यंत घरातल्या चार तोंडांचं त्यावर भागेल, असा तिचा हिशेब होता. माझंच पीठ, माझीच भाकरी. त्यात लाजायचं काय?

म्हणून आज ती पहाटेच्या टॅक्सीने निघाली होती आणि कामगार कचेरीच्या रांगेत गोधडी पांघरून बसली होती. खिडकीतल्या चष्मेवाल्या कारकुनाने मालकिणीने भरलेला कागद वाचला आणि मान हलवली.

"आई, इथे लिहिलंय, तुम्ही स्वखुशीने काम सोडलंत. अशांना विमा मिळत नाही. एक सेंटसुद्धा नाही."

"कुठे लिहिलंय? बोट ठेव."

त्याने बोट ठेवलं. माभेलेची शाळा तिसरीतच सुटली होती, पण बोट कुठे ठेवलं ते तिने नीट पाहून घेतलं.

"जिने लिहिलं तीच दुरुस्त करेल."

"असं सगळेच म्हणतात, आई. परत कुणी येत नाही."

"सगळ्यांना मी ओळखत नाही. तुझी खिडकी बंद किती वाजता होते ते सांग."

"साडेतीन."

रांगेतला एक दाढीवाला हसत म्हणाला, "साहेब, उघडीच ठेवा. नाहीतर ही आजी जेवणाच्या वेळी तुमच्या घरी येईल!"

फाटक उघडलं. झिमासाने चहा केला, तोही पाहुण्यांच्या कपात. माभेलेने कपाला हात लावला नाही. कागद टेबलावर पसरला आणि त्या जागेवर बोट ठेवलं.

"हे काय लिहिलंस?"

"चांगलंच लिहिलं ना मी! 'काढून टाकलं' लिहायला हात धजेना. लोक म्हणाले असते, काही चोरलंबिरलं असेल."

"आणि मी उपाशी राहिले तर काय म्हणतील?"

"पण माभेले, शेवटच्या दिवशी तुम्हीच म्हणालात ना, 'मला वाट दे'? मला वाटलं, तुम्हालाच जायचंय."

 माभेलेने डोक्याचा रुमाल आवळून बांधला.

"अगं पोरी, वाट मागणं म्हणजे निरोप घेणं. पोटभर जेवलेला वाट मागतो, भांडून निघालेलाही मागतो. दाराबाहेर ढकललेला माणूससुद्धा आमच्यात वाट मागितल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. तुझ्या आईला पुरून माणसं परतली, तेव्हा त्यांनी तुझ्याकडे वाट मागितली. ती माणसं काय खुशीने निघाली होती?"

झिमासाची मान खाली गेली. "मला हे कुणी सांगितलंच नाही."

"आता सांगितलं. पेन घे."

"कचेरीने मला विचारलं तर?"

"तर सांग, बेकरीचा पाव परवडतो, माभेले परवडत नाही. खरं आहे ते. मला त्याचा राग नाही."

झिमासाने कोरा कागद काढला. 'गेस्टहाउसचं स्वयंपाकघर बंद केल्यामुळे मालकाने कामावरून कमी केले.' माभेलेने ते तिच्याकडून दोनदा मोठ्याने वाचून घेतलं आणि सही होईपर्यंत नजर हलवली नाही. मग म्हणाली, "गाडी काढ."

तीन वाजून दहा मिनिटांनी कारकुनाने चष्मा वर सारला. झिमासाला दोन प्रश्न विचारले. तिने अडखळत का होईना, खरी उत्तरं दिली. शिक्का धाडकन बसला.

"अर्ज घेतला, आई. आता अडकायचं कारण नाही."

"मी अडकवून घ्यायला आलेच नव्हते," माभेले म्हणाली आणि पोचपावती घडी करून पोलक्यात खोचली.

बाहेर झिमासा गाडीला टेकून उभी होती, डोळे ओले. "माभेले, मी वाईट आहे का हो?"

माभेलेने तिला नखशिखांत न्याहाळलं आणि येणाऱ्याजाणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला.

"वाईट नाहीस, झिमासा. भित्री आहेस. दुसऱ्याला वाईट वाटेल म्हणतेस, पण जपतेस स्वतःलाच. आज दोन वाक्यं खरी बोललीस, त्यात मेली नाहीस ना? मग रोज बोलत जा."