बुरशीचा मका आणि जयाचं दूध

मित्रांनो, घोडेगावजवळच्या एका वस्तीवर, ओसरीच्या कोपऱ्यात मी उभी असते. मी पत्र्याची जुनी कोठी. वीस वर्षं घरधनीण झुंबरबाईंचं धान्य सांभाळलं. 'कोठी असावी तर झुंबरबाईंच्या कोठीसारखी,' असं शेजारणी म्हणायच्या. यंदा मात्र माझ्यावर भलताच आळ आला, आणि मला त्याचा संताप आहे.

दाणा दाताखाली कट्कन वाजला तरच मका कोठीत घालायचा, ही झुंबरबाईंचीच शिकवण. पण यंदा आभाळ भरून आलं, घाई झाली. दोनच उन्हं दाखवून त्यांनीच ओलसर मका माझ्या पोटात ओतला. वर झाकण घट्ट, खाली ओली जमीन, एक वीटसुद्धा नाही. मी आतून घामाघूम झाले.

महिन्याने झाकण उघडलं, तर दाण्यांवर हिरवी-पिवळी बुरशी.

"कोठीच सडकी मेली!" झुंबरबाईंनी मला लाथ हाणली. मी सडकी? आणि मका टाकला का? छे! भरडून गाईला घालू लागल्या.

चौथ्या दिवशी सुनेनं, रुपालीनं, त्या भरड्याचं घमेलं पाहिलं. ती बी.एस्सी. झालेली.

"आत्याबाई, या बुरशीत विष असतं! धुऊन, भाजून जात नाही. गाईनं खाल्लं की दुधात उतरतं, उकळलं तरी राहतं. माणसाचं लिव्हर खराब करतं."

"आमी जनमभर घातलंय. मेलो का आमी?"

रुपालीनं आपल्या दीड वर्षाच्या लेकीच्या, जयाच्या हातातली दुधाची वाटी हिसकावली. पोरीनं भोकाड पसरलं. चार दिवसांत तिच्या पोटात किती विष गेलं, कोण सांगणार?

झुंबरबाई नरमल्या. "बरं बाई, जयाला पिशवीचं दूध आणू. हे डेअरीला घालू. तिथं कोन बघतंय?"

"तिकडंही कुणाची तरी जयाच पिते, आत्याबाई!" रुपाली कडाडली.

 मग झुंबरबाईंनीच कुदळ घेतली. परसात खड्डा खणून मका पुरला, वर दुधाची किटली ओतली. पुढचे काही दिवस, गाईच्या अंगातलं विष उतरेपर्यंत, तिचं दूध ना घरात आलं, ना डेअरीला गेलं.

मित्रांनो, धान्य खडखडीत वाळवा. मला विटांवर ठेवा, अधूनमधून ऊन दाखवा. एवढं करूनही बुरशी आलीच, तर ती गव्हाणीत लपवू नका. गाय तक्रार करत नाही, दीड वर्षाच्या लेकराला बोलता येत नाही. म्हणून तर मला तोंड उघडावं लागलं.