मुठीजवळचं बटण

“नुसतं खालचं काढून भागत न्हाय गं. ह्यो एक कायम वर ठेवतोय, नळीत.”

श्यामलाबाई सुनेला म्हणाल्या, तेव्हा अवंतिका पिस्तुलाच्या मुठीवर हळदीचं बोट टेकवत होती. आतल्या खोलीत दोन वर्षांची अदिती उठून रडायला लागली होती. “हो आई,” म्हणत तिनं कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं आणि ती उठली.

खंडेनवमीचा दिवस होता. पाटावर विळी, खुरपं, खडी क्रशरवरचे दोन पाने, गाडीची किल्ली आणि मधोमध तिच्या नवऱ्याचं, विजयसिंहाचं पिस्तूल. देवापुढं भरलेलं हत्यार ठेवायचं नाही, अशी त्या घरातली रीत. पूजा सुनेनं मांडायची, म्हणून हत्यार रिकामं करणंही तिच्याकडंच आलं होतं. मुठीजवळ डाव्या अंगाला एक बारीक बटण होतं. ते दाबलं की मॅगझिन खाली सरकतं, हे लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला विजयसिंहानंच तिचा अंगठा धरून दाखवलं होतं. तिचा अंगठा तिथवर पोचेना. दोन्ही अंगठ्यांनी दाबलं तर मॅगझिन थेट फरशीवर आदळलं.

“बीएस्सी झालीस आणि एक बटण दाबता येईना व्हय तुला?” तो मित्रांसमोर हसला होता.

श्यामलाबाई चौथी शिकलेल्या. गोळ्या मॅगझिनमध्ये असतात, मॅगझिन बाहेर आलं की गोळ्या बाहेर आल्या, एवढं कळायला कुणी सांगायला हवं होतं का? अवंतिकेनं अदितीला कडेवर घेतलं आणि सासूबाईंचं बोलणं तिथंच राहिलं.

दसऱ्यानंतर आठवड्यानं त्यानं तिला पिस्तुलाच्या मुठीनंच मारलं. कारण फोनचं होतं. जयसिंगपूरला भावाशी ती पाऊण तास बोलली होती. डाव्या भुवईवर चार टाके पडले. न्हाणीघरात घसरले, असं तिनं डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी मान न उचलता लिहून घेतलं. विजयसिंह शेजारी उभा होता, अदितीला चॉकलेट सोलून देत.

घरी आल्यावर तिनं फ्रिजकडं पाहिलं. तो जेवायला एक वाजता यायचा, कमरेचं पिस्तूल फ्रिजवर ठेवायचा आणि मागच्या दारी हातपाय धुवायला जायचा. बादलीत तांब्या बुडल्याचा आवाज, मग गुळण्या, मग टॉवेल झटकणं. तेवढा वेळ पिस्तूल एकटं असायचं.

पहिल्या दिवशी तिनं नुसता हात लावला. दुसऱ्या दिवशी बटण सापडलं. तिसऱ्या दिवशी तिच्या लक्षात आलं, की मूठ तळहातात किंचित फिरवली तर आपला आखूड अंगठाही तिथवर जातो. डावा तळवा खाली धरायचा, म्हणजे मॅगझिन हातात उतरतं, आवाज होत नाही. परत सारताना मात्र खट्ट व्हायचं, तेव्हा ती मुद्दाम पोळीचा तवा आपटायची. अदिती पायाशी बसून वाटीत चमचा वाजवत असायची. दिवाळीपर्यंत अंगठ्याच्या पेरावर बारीक घट्टा आला. तांब्या दुसऱ्यांदा बुडायच्या आत मॅगझिन निघून परत बसलेलं असायचं.

एकदा मागं वळली तर दारात श्यामलाबाई उभ्या. सुनेच्या हातातलं मॅगझिन त्यांनी पाहिलं. कोपऱ्यातली रिकामी घागर उचलून त्या मागच्या दारी गेल्या आणि लेकाशी मोठ्यानं पाण्याच्या मोटरीचं काहीतरी बोलत उभ्या राहिल्या.

त्या दिवसापासून अवंतिकेला नीट झोप लागायला लागली. ते बटण तिच्या बोटाखाली आलं होतं आणि तेवढ्यावर तिला वाटायला लागलं, की आपण आता या घरातून निघू शकतो.

“दादा, तू ये,” तिनं शेजारणीच्या फोनवरून सांगितलं. “सोमवारी, एक वाजता. त्यांच्यासमोरच नेशील मला. पळून नाही यायचं मला, पुन्हा अदितीला ओढून नेतील.”

“त्याच्याजवळ ते आहे ना अवू?”

“त्याचं मी बघते.”

अभिराम शाळेत गणित शिकवायचा. आयुष्यात कुणाशी वर आवाज करून बोलला नव्हता. सोमवारी तो आला तेव्हा हातात बहिणीसाठी साडी होती आणि भाचीसाठी पिपाणी. विजयसिंहाच्या पाठोपाठच तो आत आला. विजयसिंहानं पिस्तूल फ्रिजवर ठेवलं, पाहुण्याकडं पाहिलं.

“या की पावणं. हातपाय धुऊन येतो, मग बसू जेवायला.”

मागं तांब्या बुडाला. अवंतिकेनं बटण दाबलं, मॅगझिन तळहातात आलं. या वेळी तिनं ते परत घातलं नाही. तांदळाच्या डब्यात खोल खुपसलं, हात पुसले आणि भरून ठेवलेली पिशवी बाहेर आणली.

टॉवेल खांद्यावर टाकून विजयसिंह आला. पिशवी पाहिली.

“हे काय?”

“मी अवंतिकाला न्यायला आलोय,” अभिराम म्हणाला. “थोडे दिवस राहू दे तिकडं. मग मोठी माणसं बसून बोलतील.”

“मास्तर, माझ्या घरातली बाई न्यायची तर माझी परवानगी लागती. शाळेत शिकीवलं न्हाय व्हय?”

“भुवई बघितली मी तिची.”

विजयसिंहानं मागं न पाहता फ्रिजवर हात टाकला. पिस्तूल उचललं आणि थांबला. मुठीखालच्या मोकळ्या खाचेवरून त्याचं बोट फिरलं. एकदा त्यानं बायकोकडं पाहिलं. मग तो हसला.

“काढून ठेवलंस व्हय गं? हुशार झालीस की.”

पिस्तूल अभिरामच्या छातीकडं वळलं. अभिराम जागच्या जागी थिजला.

“घाबरू नकोस दादा,” अवंतिका म्हणाली, मोठ्यानं, स्वच्छ आवाजात. “रिकामं आहे ते. तू पिशवी घे.”

अभिरामनं तिच्याकडं पाहिलं. लहानपणापासून तिचं ऐकायची त्याला सवय होती. तो पिशवी घ्यायला पुढं झाला.

“विजू!” स्वयंपाकघराच्या दारातून श्यामलाबाई किंचाळल्या. “वरची नळीत हाय रं!”

विजयसिंहानं चाप ओढला.

अदितीच्या कानावर हात ठेवायचं अवंतिकेला सुचलं, तेव्हा आवाज होऊन गेला होता. अभिराम पिशवीवरच पालथा पडला. नव्या साडीची घडी तांबडी होत गेली, मग फरशीच्या सांध्यांतून ओघळ पुढच्या सोप्यापर्यंत आला. रुग्णवाहिका पंचवीस मिनिटांनी आली. तिची गरज उरली नव्हती.

जबाबात विजयसिंहानं एवढंच सांगितलं, की बायकोनं मॅगझिन काढलं होतं. पिस्तूल रिकामं असल्याचं तिनंच सगळ्यांसमोर सांगितलं. मेव्हण्याची चेष्टा करायला गेलो, साहेब, असं होईल वाटलं न्हाय. तांदळाच्या डब्यातून मॅगझिन निघालं, त्यावर अवंतिकेचे ठसे निघाले. अधिकाऱ्यानं तिला विचारलं, “तुम्ही म्हणालात का, रिकामं आहे?”

“म्हणाले.”

“सासूबाई ओरडल्या म्हणता. घरातलं दुसरं कुणी तसं सांगत नाही.”

घरात दुसरं होतं कोण?

मयतानंतरच्या तिसऱ्या दिवशी चुलतसासरे हंबीरराव जीप घेऊन आले. श्यामलाबाईंना चार दिवस बिद्रीला आपल्या घरी नेतो म्हणाले, हवापालट. पोलिसांनी त्यांचा जबाब तोवर घेतला नव्हता. जीपमध्ये बसण्याआधी श्यामलाबाईंनी सुनेचा हात धरला.

“मी सांगतो,” त्या हळूच म्हणाल्या. “पोरगा माझा हाय. पर जे वरडलो ते वरडलो. सांगतो मी.”

त्याला आता एकोणीस दिवस झाले. त्यांचा फोन बंद आहे. हंबीरराव म्हणतात, वहिनींना भ्रम झालाय, कुणाला ओळखत नाहीत. अवंतिका जयसिंगपूरला आहे. बिद्रीच्या त्या दारात तिला कुणी उभं करणार नाही, ती एकदा जाऊन आली आहे. म्हणून ती भेटेल त्याला सांगते. दूधवाल्याला, वकिलांना, अभिरामच्या शाळेतल्या शिक्षकांना, आणि आता तुम्हालाही.

बिद्रीला कधी जाणं झालं तर साखर कारखान्याच्या अलीकडं हिरव्या फाटकाचं घर लागतं. तिथं श्यामलाबाई असतील. साठीच्या, ठेंगण्या. पाणी मागा, पत्ता विचारा, काहीही करा, पण त्यांना डोळ्यांनी बघून या. आणि त्या नीट बोलतात का, तेवढं कळवा.